सर्दी झाली की लेकीचा कान ठरलेलाच, रात्र रात्र रडते, काय करावं?

माशेलची_आई

नमस्कार सगळ्यांना. लेक सव्वादोन वर्षांची आहे, आम्ही माशेलला राहतो, मी आणि नवरा दोघेही पणजीला नोकरीला त्यामुळे ती वर्षाची झाल्यापासून पाळणाघरात जाते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि तेव्हापासून सर्दी झाली की दोन-तीन दिवसांत कान, हे ठरूनच गेलंय. किती वेळा झालं ते आता नीट सांगताही येणार नाही, एक संपतं न संपतं तोवर दुसरं. दिवसा बरी असते, खेळते, आणि रात्री अकरा-बाराला किंचाळत उठते, कानाशी हात नेते, आडवं केलं की जास्त रडते, खांद्यावर घेऊन फिरवलं की जरा शांत. चावून काही खात नाही, उकड्या तांदळाची पेज तेवढी पिते.

गेल्या आठवड्यात एका रात्री खूप रडली आणि पहाटे एकदम गाढ झोपली. सकाळी बघते तर उशीवर पिवळट डाग आणि कानाच्या पाळीला सुकलेला पू. कान फुटला म्हणून घाबरून तशीच डॉक्टरकडे घेऊन गेले, ते म्हणाले पडद्याला बारीक भोक पडून पू बाहेर आला म्हणूनच दुखणं थांबलं, आणि हे भोक बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. परत अँटिबायोटिक. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवलं, ते म्हणाले असंच चालू राहिलं तर कानाच्या पडद्यात बारीक नळी बसवायचा विचार करावा लागेल. तेव्हापासून माझी झोपच उडालीय, एवढ्याशा पोरीला भूल द्यायची?

घरात सासूबाई म्हणतात लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल दोन थेंब घाल, नवरा म्हणतो डॉक्टर बदलू. गणपतीची चवथ तोंडावर आलीय, गावच्या घरी सगळी भावकी जमणार, पोरं सगळी एकत्र, म्हणजे सर्दी आलीच. दर वेळी अँटिबायोटिक द्यायलाच हवं का? रात्री तुम्ही काय करायचात? आणि नळी बसवलेल्या मुलांच्या आईवडिलांनी कृपया सांगा खरंच फरक पडतो का.

एक राहिलं, बोलायलाही ती जरा मागेच आहे, मोजके शब्द बोलते, दोन शब्द जोडत नाही अजून. पण घरी आम्ही मराठी, सासूबाई कोकणी आणि पाळणाघरात इंग्लिश, त्यामुळे सगळे म्हणतात तीन भाषांत गोंधळलीय, बोलेल हळूहळू. ते असो, आधी हा कान थांबू दे.

डिचोलीची_मानसी

माझ्या मोठ्याचं डिट्टो हेच होतं, आता पहिलीत आहे आणि कान अगदी ठणठणीत. तेव्हा आधी हे ऐक, यातून बाहेर येतात मुलं.

रात्रीचं सांगते. कान दुखतोय हे कळलं की पहिलं काम म्हणजे दुखणं कमी करणं. अँटिबायोटिक दिलं तरी पहिल्या दिवशी दुखायचं थांबत नाही, त्यामुळे अँटिबायोटिक चालू आहे म्हणून पॅरासिटामॉल नको असं करू नकोस, दोन्ही लागतं. ताप नसला तरी दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्यायचं असतं, हे मला आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही संध्याकाळीच बघायचो, पोरगं चिडचिड करतंय, पेज पण नको म्हणतंय, की झोपायच्या आधी डोस. मध्यरात्री किंचाळून उठल्यावर औषध दिलं तर ते लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो आणि तोवर घरातले सगळे उठून बसलेले.

आडवं केलं की जास्त दुखतं हे खरंच असतं, कानात दाब वाढतो. लहान बाळाला उशी-बिशी लावू नये म्हणतात पण तुझी दोन वर्षांची आहे, आम्ही गादीच्या डोक्याकडच्या बाजूला खालून घडी केलेली गोधडी सरकवायचो. नाहीतर मग मी आरामखुर्चीत बसायचे आणि तो माझ्या छातीवर, दुखरा कान वरच्या बाजूला. नाक चोंदलं असेल तर झोपायच्या आधी सलाइनचे थेंब नाकात. कानात नव्हे, नाकात.

आणि एक विचारते, दूध अजून बाटलीने पिते का? तेही झोपून? आमचा प्यायचा. आडवं पडून बाटलीने पिताना दूध नाकाच्या मागच्या बाजूला जातं आणि तिथूनच कानाची नळी निघते, म्हणून डॉक्टरांनी बाटली बंदच करायला लावली, बसवून पेल्याने. चार-पाच रात्री धिंगाणा झाला, मग विसरला. तोंडात चोखणी असेल तर तीही बंद.

चवथीला जा गो. वर्षाचा सण आहे, घरी बसून काय करणार. फक्त ओट्यावर कोणी विडी-सिगरेट ओढत असेल तर तिला तिथून लांब ठेव, आणि सोबत औषधाची पिशवी ठेव.

मडगावचा_फार्मासिस्ट

मी फार्मसीत आहे, डॉक्टर नाही, पण औषधांच्या बाबतीत रोज काउंटरवर जे बघतो ते लिहितो.

वर मानसीताईंनी पॅरासिटामॉलचं लिहिलंय ते बरोबर, पण बाटलीवरचा आकडा वाचा. सिरप दोन ताकदींत येतं, ५ मिलीत १२० मिग्रॅ आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ, शिवाय तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स वेगळे, त्यात १ मिलीतच १०० मिग्रॅ असतं. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, साधारण किलोला १५ मिग्रॅ धरतात. म्हणजे १२ किलोच्या मुलाला १८० मिग्रॅ, ते १२० वाल्या बाटलीतलं साडेसात मिली होतं आणि २५० वाल्यातलं साडेतीन मिलीच्या आसपास. एका घरात आजोळची एक बाटली आणि घरची दुसरी असते आणि मिली तेच दिलं जातं, मग एकतर दुपटीने जातं नाहीतर निम्मंच. डॉक्टरांकडून तुमच्या बाटलीवरचा डोस मिलीत लिहून घ्या आणि चमचा सोडून सिरिंजने मोजा. दोन डोसांत किमान चार तास, आणि दिवसातून चारच्या वर डोस जाऊ देऊ नका.

अँटिबायोटिकचं. कानासाठी बहुतेक अमॉक्सिसिलिन नाहीतर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट देतात. क्लॅव्ह वालं सिरप पावडर असतं, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की परत खुणेपर्यंत. एकदा कालवलं की फ्रीजमध्ये, आणि बहुतेक कंपन्यांचं सातच दिवस चालतं. दोन वर्षांखालच्या मुलांना कोर्स साधारण १० दिवसांचा असतो, त्याहून मोठ्यांना त्रास सौम्य असेल तर कमी दिवस पुरतात, ते डॉक्टर ठरवतात. पण १० दिवस लिहिले असतील तर दुसरी बाटली लागणारच, लोक पहिली संपली की कोर्स संपला समजतात. आणि उरलेलं पुढच्या वेळी वापरायला म्हणून ठेवायचं तर अजिबात नाही. क्लॅव्हने जुलाब होतात काही मुलांना, खाल्ल्याबरोबर दिलं तर कमी होतात.

दर वेळी लागतंच का याचं उत्तर, नाही. मूल दोन वर्षांवरचं असेल, ताप १०२ च्या खाली, दुखणं सौम्य, कान वाहत नाही, तर डॉक्टर ४८ ते ७२ तास नुसतं दुखण्याचं औषध देऊन थांबतात आणि बरेचदा तेवढ्यात उतरतं. पण कान वाहत असेल, ताप जास्त असेल, किंवा मूल दोन वर्षांखालचं असून दोन्ही कान असतील तर थांबत नाहीत. तुमच्या लेकीचा कान वाहिला होता म्हणजे त्या वेळी दिलं ते योग्यच. थांबायचं की द्यायचं हे मात्र कानात बघूनच ठरतं, फोनवरून नाही आणि माझ्या काउंटरवरून तर नाहीच.

दुखणं बधिर करणारे कानाचे थेंब मागायला लोक येतात, पडद्याला भोक असताना ते घालू नयेत, म्हणून मी तरी चिठ्ठीशिवाय देत नाही.

पेडण्याची_आजी

बाय, तुझ्या सासूबाईंच्या बाजूने पण बोलते आणि तुझ्याही. आमच्या भागात घराघरात तेल घालायचे कानात, कोणाच्या मनात वाईट नसायचं, पोर रडतं ते बघवत नाही म्हणून काहीतरी करायचं. पण पडद्याला भोक असलं तर तेल सरळ आत जातं आणि आतला पू बाहेर पडायच्या वाटेवर बसतं. आणि आपल्याकडच्या पावसात सगळंच दमट, ओलसर कानात तेल पडलं की बुरशी धरते, मग खाज आणि वास, ते आणखी वेगळं दुखणं.

हे सांगून सासूबाईंना पटणार नाही, दाखवून पटेल. माझ्या नातवाला म्हापशाला नेलं तेव्हा डॉक्टरांनी बारीक दुर्बीण कानात घालून टीव्हीवर पडदा दाखवला. चांगला कान आधी दाखवला, शंखाच्या आतल्या बाजूसारखा पांढुरका, चकचकीत. मग दुखरा दाखवला, लालभडक, फुगून बाहेर आलेला, आणि खालच्या बाजूला टाचणीएवढं भोक, त्यातून पू हलताना दिसत होता. माझे यजमान सोबत होते, तेलाचा आग्रह त्यांचाच जास्त होता, त्यांनी ते बघितलं आणि त्या दिवसापासून तेलाचं नाव घेतलं नाही. पुढच्या वेळी सासूबाईंनाच घेऊन जा डॉक्टरकडे. चालेल का दाखवायला, असं आधी विचार, नाही म्हणत नाहीत.

आणि त्यांना काम दे. सुती फडक्याची घडी तव्यावर जरा कोमट करून, आपल्या गालाला लावून बघून, कानाच्या बाहेरून शेकायची. आजीच्या मांडीवर बसून शेकून घेणं पोरांना आवडतं. ओव्याची धुरी मात्र नको, धूर नाकाला बरा नाही. कान वाहत असताना बड घालून साफ करू नका, बाहेर येईल तेवढं मऊ कापडाने पुसायचं. आणि अंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ नये म्हणून कापसाला थोडं व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी ठेवायचा, अंघोळ झाली की काढायचा.

माशेलची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, सिरपचा आकडा आत्ता जाऊन बघितला, घरात खरंच दोन वेगवेगळ्या बाटल्या निघाल्या. हो मानसी, रात्रीचं दूध बाटलीनेच आहे, तेही झोपून. आजी, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मी येते डॉक्टरकडे.

कानाकडे_लक्ष

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी, गोव्यातच काम करते. तुमच्या पोस्टमधलं जे तुम्ही शेवटी "ते असो" म्हणून सोडलंत, त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, आणि जरा मोठं लिहिते, राग मानू नका.

आधी कान का धरतो ते. मधल्या कानातून एक बारीक नळी नाकाच्या मागे उघडते, तिच्यातून कानात हवा येते-जाते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, सर्दीत सुजते, बंद होते, आत पाणी साचतं आणि त्यात जंतू वाढतात. सहा-सात वर्षांपर्यंत नळी लांब आणि तिरकी होत जाते म्हणून तोवर बहुतेकांचा त्रास संपतो. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांना सर्द्या जास्त म्हणून कानही जास्त, त्यात तुमचा काही दोष नाही आणि नोकरी सोडायचीही गरज नाही.

आता मुख्य. इन्फेक्शन उतरलं, ताप गेला, दुखायचं थांबलं, तरी पडद्यामागचं पाणी लगेच जात नाही. महिन्याभराने सुमारे ४० टक्के मुलांत ते असतंच, तीन महिन्यांनीही दहातल्या एक-दोन मुलांत असतं. ते दुखत नाही, ताप येत नाही, म्हणून घरात कोणालाच कळत नाही. मोठ्या माणसाला कानाला दडा बसला की तो सांगतो, दोन वर्षांचं मूल सांगत नाही, त्याला वाटतं जग असंच ऐकू येतं. ऐकू बऱ्यापैकी येतं हीच अडचण आहे. समोर बसून बोललेलं कळतं, हाक मारली की बघते, त्यामुळे आईवडील म्हणतात ऐकू येतंय की. पण मागून बोललेलं, लांबून बोललेलं, टीव्ही चालू असताना बोललेलं निम्मं निसटतं. स, श, फ असे हलके आवाज आधी जातात. आणि तुमच्या लेकीचं एक इन्फेक्शन संपायच्या आत दुसरं येतंय, म्हणजे मध्ये कान कोरडा व्हायला वेळच मिळत नसावा. जूनपासूनचे हे महिने म्हणजे नेमका भाषा शिकायचा काळ.

तीन भाषांमुळे गोंधळलीय हे मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं. गोव्यातली किती मुलं घरी कोकणी, शेजारी मराठी, बालवाडीत इंग्लिश ऐकत वाढतात, दोन-तीन भाषा ऐकल्याने बोलायला उशीर होत नाही. मुलाचे शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे, उदक म्हणाली तरी एक शब्द आणि पाणी म्हणाली तरी एक. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नासेक शब्द आणि "बाबा गेले", "अजून दूध" असं दोन शब्द जोडून बोलणं अपेक्षित असतं. तुमची सव्वादोन वर्षांची आहे, मोजकेच शब्द, जोडत नाही, वर कान सारखे धरतायत. हे भाषांवर ढकलून थांबू नका, कान तपासून घ्या.

तपासणी त्रासाची नाही. टिंपॅनोमेट्री म्हणतात तिला, कानाच्या तोंडाशी मऊ रबरी टोक धरायचं, काही सेकंद हवेचा दाब बदलतो, आणि कागदावर रेघ येते. मधल्या कानात हवा असेल तर डोंगर येतो, पाणी असेल तर सपाट रेघ. आईच्या मांडीवर बसून होतं. सोबत वयाप्रमाणे ऐकण्याची चाचणी, या वयात आवाजाकडे वळून बघण्यावर किंवा खेळाखेळात करतात. मोठ्या सरकारी हॉस्पिटलातही कान-नाक-घसा विभागात विचारा, खासगीतही होते.

आणि आजपासून एक करा, कॅलेंडरवर लिहा. कोणत्या तारखेला कान दुखला, कोणता कान, वाहिला का, कोणतं औषध, किती दिवस. सहा महिन्यांत ३ किंवा वर्षात ४ वेळा झालं की डॉक्टर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन धरतात, आणि पडद्यात नळी बसवायचा निर्णय त्या तारखांवर आणि मध्ये पाणी राहतंय का यावर ठरतो. आठवून सांगितलेलं नेहमी चुकतं.

अॅलर्जीची आणि नाक मोकळं करायची सिरपं पडद्यामागच्या पाण्यावर चालत नाहीत. रोज थोडं थोडं अँटिबायोटिक महिनोन्महिने देण्याचाही आता सल्ला देत नाहीत.

वाळपईचा_बाबा

नळीबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. मुलगा साडेतीनचा असताना बसवली, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात. आमचं इन्फेक्शनपेक्षा पाणीच जास्त होतं, तीन महिने थांबून परत तपासलं तरी दोन्ही कानांत सपाट रेघ, टीव्हीला नाक लावून बसायचा, तोंड उघडं टाकून घोरायचा. म्हणून नाकामागची वाढलेली गाठ म्हणजे अॅडेनॉइड पण त्याच भुलीत काढली.

भुलीची भीती आम्हालाही होती, बायको आदल्या रात्रभर जागी. भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी तपासून सगळं विचारलं, सर्दी-ताप असेल तर पुढे ढकलतो म्हणाले, आणि खाणं-दूध सहा तास आधी बंद. पडद्याला बारीक छेद देतात, पाणी ओढून काढतात आणि दीड-दोन मिलिमीटरची नळी छेदात बसवतात. नळीचंच काम असेल तर ते मिनिटांत होतं, आमचं अॅडेनॉइडमुळे जास्त वेळ चाललं. बाहेर टाका नाही, पट्टी नाही, बघून कळतही नाही. घरी आल्यावर बायकोने मिक्सर लावला तर कानांवर हात ठेवून ओरडला, "आई मोठा आवाज". यापूर्वी त्याच मिक्सरशेजारी बसून खेळायचा. आमचे दोघांचे डोळे भरून आले.

नळी कायमची नसते, सहा महिने ते दीड वर्षात पडदा स्वतःच तिला बाहेर ढकलतो, आमच्या डॉक्टरांना ती मळात सापडली. नळी असतानाही सर्दीत एकदा कान वाहिला, पण दुखला नाही, आणि तोंडाने औषध न देता कानातले अँटिबायोटिक थेंब देऊनच थांबला. पाण्याबद्दल, साध्या अंघोळीला आणि समुद्रावर वरवर खेळायला बंदी नाही म्हणाले, फक्त तळीत-नदीत बुडी मारायची नाही आणि साबणाचं पाणी कानात जाऊ द्यायचं नाही. सरकारी आरोग्य कार्ड असेल तर तारीख घ्यायच्या आधी हॉस्पिटलात विचारून घ्या त्यात काय बसतं.

फोंड्याहून_रोहन

दुसरी बाजू पण असू दे. आमच्या मुलीला नळी सांगितली होती, आम्ही दुसरं मत घेतलं. तिच्या कानांत दोन इन्फेक्शनच्या मध्ये पाणी राहत नव्हतं, ऐकणं नॉर्मल, बोलणं वयाप्रमाणे, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी थांबू म्हटलं आणि हळूहळू कमी होत गेलं. २०२१ साली अमेरिकेत २५० लहान मुलांवर केलेला अभ्यास आलाय, दोन वर्षांत नळीवाल्या आणि औषधावर ठेवलेल्या मुलांत इन्फेक्शनची संख्या जवळपास सारखीच निघाली. नळीवाल्यांत पहिलं इन्फेक्शन जरा उशिरा झालं, एवढं मात्र होतं. म्हणजे नुसतं इन्फेक्शन वारंवार होतंय एवढ्यावर घाई नको. पण पाणी राहतंय आणि ऐकू कमी येतंय तर गोष्ट वेगळी, ऑडिओलॉजिस्ट ताईंनी लिहिलंय तेच.

लसीचं कार्ड पण बघा. न्यूमोकोकलची लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ पासून देशभर आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना. एखादा डोस राहिला असेल तर विचारा. फ्लूची लस मात्र स्वतःहून घ्यावी लागते, दरवर्षी, आणि आपल्याकडे फ्लू पावसात वाढतो म्हणून पाऊस लागायच्या आधी घेतलेली बरी.

डिचोलीची_मानसी

एक कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कानाच्या मागचं हाड सुजलं, लाल झालं, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तोंड एका बाजूला वाकडं वाटलं, मान कडक, किंवा पोर सुस्त पडून राहिलं आणि उठवलं तरी उठेना, तर सकाळची वाट बघायची नाही, चवथीची रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल.

माशेलची_आई

अपडेट देते. चवथ झाली, सर्दी झालीच, पण या वेळी कान वाहिला नाही, डॉक्टरांनी बघितलं आणि दोन दिवस थांबू म्हणाले, तेवढ्यात उतरला. बाटली बंद केली, वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. सासूबाई सोबत आल्या होत्या, पडदा बघितला, भोक भरून आलंय. त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विचारलं की मग तेल नको ना.

टिंपॅनोमेट्री केली. दोन्ही कानांत सपाट रेघ. ऐकण्याच्या चाचणीतही थोडं कमी आलं. कागद हातात घेतला तेव्हा पाय गळाले, कारण खरंच आम्ही सगळे भाषेचंच धरून बसलो होतो. डॉक्टर म्हणाले आता पाऊस ओसरतोय, सर्द्या कमी होतील, पाणी आपोआप जायची चांगली शक्यता आहे, तीन महिन्यांनी परत तपासू आणि तेव्हाही असंच असेल तर नळी. तारखा लिहायला लागलेय. नळीची भीती आता पहिल्याएवढी नाही, वाळपईच्या दादांचं लिहिलेलं नवऱ्याने पण वाचलं. पण या तीन महिन्यांत तिच्या बोलण्याचं काय करू? नुसतं थांबून राहायचं?

कानाकडे_लक्ष

बरं केलंत तपासलंत. थांबायचं कानासाठी, बोलण्यासाठी नाही.

बोलताना तिच्या समोर या, तिच्या उंचीला बसा, हाताच्या अंतरावर. स्वयंपाकघरातून हाक मारून उपयोग नाही. ओरडू नका, नेहमीच्या आवाजात, सावकाश, छोटी वाक्यं. टीव्ही बंद. ती "दू" म्हणाली तर "दूध हवं? हे घे दूध" असं पूर्ण करून परत द्या, पण "नीट बोल, म्हण दूध" असं वदवून घेऊ नका. रोज चित्रांचं एक पुस्तक, मांडीवर पाठमोरं बसवून नाही, समोरासमोर. मराठी आणि कोकणी दोन्ही बिनधास्त चालू ठेवा, ज्याला जी भाषा मनापासून येते त्याने तीच बोलावी, आजीने कोकणीतच गोष्टी सांगाव्यात. सोबत स्पीच थेरपिस्टला एकदा दाखवून ठेवा, त्यासाठी कान पूर्ण बरा व्हायची वाट बघावी लागत नाही.

मधल्या काळात तिचं ऐकणं आणखी कमी झाल्यासारखं वाटलं, किंवा येत असलेले शब्दही बोलेनाशी झाली, तर तीन महिने पुरे करू नका, आधीच या. आणि पुढच्या तपासणीला नाक वाहत असताना जाऊ नका, ताज्या सर्दीत रेघ सपाट येऊ शकते आणि मग खरं काय ते कळत नाही, सर्दी उतरून दोन-तीन आठवडे होऊ द्या.

पाळणाघरात उद्याच सांगा. तिथल्या मावशींना म्हणावं हिला लांबून किंवा मागून हाक मारली तर कदाचित ऐकू येणार नाही, हट्टी आहे असं समजू नका, जवळ जाऊन खांद्याला हात लावून बोला, आणि गोष्टीच्या वेळी सगळ्यात पुढे बसवा.